उलटं सारवण

१

दोष अण्णाजीचा आहे. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे कोणाला सोयीने विसरता येणार नाही. गावात आता काहीही बोलतात. कोणी म्हणतं, आनंदाबाईचा पाय घसरला आणि ती धरणात गेली. कोणी म्हणतं, नवऱ्याला कंटाळून माहेरी निघून गेली. असं बोलणाऱ्यांपैकी एकही जण त्या दुपारी तिथे नव्हता. मी होतो, अण्णाजी होता, आणि अण्णाजी तोंड उघडत नाही.

अण्णाजी म्हणजे माझा बाप. सगळं गाव त्याला अण्णाजी म्हणतं म्हणून घरातही तेच. कधीकाळी उपसरपंच होता. पद गेलं, खुर्ची डोक्यातून गेली नाही. कोणाचंही उद्घाटन असो, हा पहिल्या रांगेत. आमच्या आर्वीकडे असे म्हातारे गावागावात आहेत. जन्मभर दुसऱ्याला ‘इकडे ये, तिकडे सरक’ सांगत आले आणि त्यालाच काम समजत आले.

आनंदाबाई म्हणजे माझी माय.

मी अंकुश. इंजिनियरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं. का सोडलं ते इथे महत्त्वाचं नाही. पाहुण्यांसमोर अण्णाजी माझी ओळख ‘हा आमचा अर्धा इंजिनियर’ अशी करून देतो आणि स्वतःच हसतो. माय हसायची नाही. पाण्याचा तांब्या पाहुण्यासमोर जरा जोरात ठेवायची.

२

गावाबाहेर टेकडीची एक सोंड आहे. धरण झालं तेव्हा पाणी तिच्या तीन बाजूंनी चढलं आणि सोंडेचं टोक पाण्यात घुसलं. लोक त्याला नाकाड म्हणतात. वर्धा जिल्ह्यात समुद्र कुठून येणार? आम्हाला समुद्रात शिरलेली जमीन माहीत आहे ती एवढीच. समोर पाणी, डावी-उजवीकडे पाणी, आणि परत यायला मागची एक पायवाट.

लाटा काठ खात गेल्या. शेवटी कडा ढासळला आणि आतले थर उघडे पडले, पोळ्यांची चवड मधोमध कापावी तसे. त्या हिवाळ्यात विद्यापीठाची माणसं आली. धनंजय सर त्यांचे मुख्य, आणि त्यांच्या हाताखाली संशोधन करणारी रूपालीताई, नागपूरची. मजूर पुरवायला अण्णाजी पुढे झालाच. त्याने पहिलं नाव माझं दिलं.

काम मला आवडलं, हे कबूल करतो. सकाळी खड्ड्यावरची ताडपत्री काढायची, छोट्या करणीने माती खरवडायची, ब्रशने झाडायचं, चाळायचं. खापरं धुवायला शेजारच्या वस्तीवरची शकुबाई यायची. तिच्या घरी गोंडी बोलतात, आमच्याशी आमच्यासारखं. ती आणि माय एकाच शेतात निंदायला जाऊन जाऊन बहिणी झाल्या होत्या.

“अंकुश, तुझ्या पायाखाली हजारो वर्षं आहेत,” धनंजय सर पहिल्याच दिवशी म्हणाले. “चपला काढ.”

इथे अश्मयुगापासून माणूस राहत आला, असं ते सांगायचे. सगळ्यात खाली दगडाची पाती. त्याच्यावर काळी-तांबडी खापरं आणि लोखंड. त्याच्यावर भाजलेल्या विटा. माणसं यायची, घरं बांधायची, कधीतरी निघून जायची. माती साचायची. मग शेदोनशे वर्षांनी दुसरी माणसं यायची आणि नेमकी त्याच जागी घर बांधायची. नाकाडावर जागा काय कमी होती? पण नाही, तिथेच.

३

विटांच्या थराखाली पहिली जमीन लागली. चौकोनी घराची, घट्ट, पिवळट. रूपालीताई तिच्यावर आडवी होऊन ब्रश फिरवत होती.

“सारवलेली आहे,” ती म्हणाली. “बोटं दिसताहेत बघ.”

खरंच दिसत होती. एकापुढे एक कमानी, आमच्या मागच्या खोलीत असतात तशाच. एवढ्या वर्षांपूर्वीच्या बाईचा हात इतका स्पष्ट पाहून मला हसूच आलं. मी मोबाइलवर फोटो काढला आणि जेवणाच्या सुट्टीत घरी मायला दाखवला. शकुबाईही सोबत आली होती.

मायने हात पदराला पुसून मोबाइल घेतला. तिच्या उजव्या हाताची अनामिका सरळ होत नसे. कडबा कापायच्या यंत्रात सापडली होती. त्यामुळे तिच्या सारवणाची कमान चारऐवजी तीन रेघांची पडायची. लहानपणी मी आमच्या जमिनीवर लोळून त्या रेघांवरून गाड्या चालवल्या आहेत.

“दार कुठी हाय याचं?” तिने विचारलं.

मी फोटोत दाखवलं. दोन खांबांच्या खळग्यांमधली मोकळी जागा.

“मंग हे उलटं सारवलं ना व.”

“पाह्यू,” म्हणत शकुबाईने मान घातली. “हो तं. दारापासून आत गेली हे बाई.”

“म्हंजे?” मी म्हणालो.

“म्हंजे तुह्यं डोस्कं,” शकुबाई म्हणाली. “आपण मागच्या भितीपासून सुरू करतो अन् मागं मागं सरकत दाराबाहेर निंघतो. नाई तं आपल्याच ओल्यावर पाय देऊन या लागते. हे बाई दारातून सुरू करून भितीले जाऊन टेकली.”

“नवी नवरी असन,” माय म्हणाली. “मायनं शिकवलं नसन.”

“किंवा सासऱ्यावर रागावली असन. बसते म्हणे आता इथंच, शिजवा तुमचं तुम्ही.”

दोघी खूप हसल्या. मग माय थांबली आणि तिने बोटांनी फोटो मोठा केला.

“पण अंकुश, मंग हे बाहेर कशी निंघाली? पाय तं कुठीच उमटला नाई.”

४

मी अर्धा का होईना, इंजिनियर आहे. मी कारणं शोधली. जमीन वाळेपर्यंत ती भिंतीला टेकून बसली असेल. पलीकडे खिडकी असेल. एखादं मागचं दार असेल.

रूपालीताईला विचारलं. तिने मला जमिनीच्या कडेने फिरवलं आणि खळगे दाखवले. भिंत सगळीकडून बंद, दार एकच. मग तिने पलीकडच्या कडेला बोट ठेवलं. तिथे घराची भिंत आणि आमच्या खड्ड्याची कड जवळजवळ एकाच रेषेत येत होती. त्याच्या पुढे न खणलेली माती, पुरुषभर उंच.

“शेवटची कमान बघ.”

शेवटची कमान अर्धी होती. बोटं भिंतीच्या रेषेपर्यंत आली होती, आणि उरलेला वळसा भिंतीच्या पलीकडे गेला होता.

“घर पुढे असेल अजून,” मी म्हणालो.

“खांब अलीकडे आहेत अंकुश. घर इथे संपतं.” तिने जमिनीवरून हळूच ब्रश फिरवला. “आणखी एक. ही जमीन वापरलेलीच नाही. झीज नाही, राख नाही, सांडलेलं काही नाही. सारवलं आणि त्यानंतर इथे कोणी पाऊल ठेवलं नाही. थेट माती पडत गेली.”

धनंजय सरांना हे सांगितलं तर ते खूश झाले. पुढच्या हंगामात तिकडे खणू, म्हणाले. मोठ्या माणसांचं हे असं असतं. आपल्याला भीती वाटते तिथे त्यांना पुढचा हंगाम दिसतो.

ती जमीन मोजून, फोटो काढून आम्ही खाली गेलो. खाली दुसरी जमीन निघाली. घर वेगळं, दार वेगळ्या कोपऱ्यात. सारवण दारापासून आत. हात वेगळा, रुंद आणि जड, अंगठा घासत जाणारा. शेवटची कमान अर्धी, खड्ड्याच्या त्याच कडेला, मातीत शिरलेली.

त्याच्या खाली तिसरी. आता घर गोल होतं, लोखंडवाल्या लोकांचं. गोल घराला कोपरा नसतो, तरी सारवण दारातून सुरू होऊन नेमकं त्याच जागी गेलं होतं. हात अगदी बारीक. पोरीचाच असावा. अर्धी कमान.

रूपालीताईने त्या दिवशी ब्रश खाली ठेवला आणि वर जाऊन पाणी प्यायली. मी तिच्या मागे गेलो. बोलण्यासारखं होतं ते तिथे खाली स्पष्ट दिसत होतं. प्रत्येक वेळी बाई वेगळी होती.

५

दुपारी जेवण झाल्यावर सगळे मांडवात आडवे व्हायचे. मला खड्ड्यात गार वाटायचं म्हणून मी तिथे टेकायचो, खड्ड्याच्या त्या पलीकडच्या मातीच्या भिंतीला पाठ लावून. ऊन वर, सावली खाली, पाण्याचा वास.

एकदा डोळा लागता लागता आवाज आला. सर्र. मग थोडं थांबून, सर्र. ओल्यावरून हात फिरावा तसा. मी मनाला सांगितलं, लाटा आहेत. नाकाडाला तीन बाजूंनी पाणी आहे, आवाज येणारच. पण लाटेला लय असते, येते आणि जाते. हा आवाज जरासा सरकायचा. प्रत्येक वेळी हातभर लांब.

मी उठून काठावर गेलो. त्या दिवशी वारा नव्हता. पाणी तेलासारखं पडलं होतं.

त्यानंतर मी मांडवातच झोपू लागलो. मायला हे सांगितलं नाही. तिचे गुडघे दुखत होते. नाकाडाशी तिचा संबंध काय होता? काहीच नव्हता. ती तिथे आयुष्यात कधी गेली नव्हती.

६

मग मुंबईहून कोणी बडे साहेब खोदकाम बघायला येणार असं ठरलं. अण्णाजीच्या अंगात आलं. पांढरं धोतर इस्त्रीला गेलं. नाकाडावर मांडव वाढवला, लाल सतरंजी आणली, खुर्च्या मागवल्या. इथे संग्रहालय होणार आणि त्याच्या दारात आपल्या नावाची पाटी लागणार, असं तो चार लोकांत बोलूनही बसला होता.

भेटीच्या दिवशी धनंजय सर साहेबांना आणायला नागपूरला गेले. रूपालीताई फलक छापून आणायला आर्वीला. मजुरांना सुट्टी, त्यात आठवडी बाजार, म्हणून शकुबाईही गावात नव्हती. खड्ड्यावर अण्णाजी एकटा मालक. मला त्याने ट्रॅक्टर घेऊन खुर्च्या आणायला पाठवलं.

मी परत आलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. अण्णाजी खड्ड्याच्या तोंडाशी, मातीत कापलेल्या पायऱ्यांच्या वर, खुर्ची टाकून बसला होता. खुर्चीचं तोंड खड्ड्याकडे. पायरीवर मायच्या चपला.

मी ट्रॅक्टर तसाच सोडून पळालो.

माय खाली होती. गोल घराच्या जमिनीवर उकिडवी, शेजारी शेणकाल्याची बादली. तिने पायऱ्यांपासून, म्हणजे त्या जुन्या दारापासून, सुरुवात केली होती. अर्ध्याहून जास्त जमीन हिरवी-ओली चकाकत होती. तिच्या तीन रेघांच्या कमानी एकामागे एक आत चालल्या होत्या.

“काय करून राह्यले तुम्ही हे!” मी अण्णाजीवर ओरडलो.

“आवाज खाली. काय झालं?”

“ते जुनं हाय! हजारो वर्षांचं हाय! त्याच्यावर शेण टाकते काय कोणी?”

“जमिनीले काय जुनी अन् काय नवी?” अण्णाजी म्हणाला. “भेगा पाहाय कशा पडल्या. धूळ उडून राह्यली. साहेब मुंबईवरून येऊन हे पाह्यतीन? आपल्या घरी पाहुणा आला तं आपण सारवत नाई काय?”

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच लाज वाटत होती. एवढी मोठी विद्यापीठाची माणसं, आणि जमीन सारवायची अक्कल नाही, असंच त्याला वाटत होतं.

“अन् दाराकडून काऊन सुरू केलं?”

“म्याच सांगतलं. साहेब इथं उभे राह्यतीन. इकडलं आधी वाळलं पायजे. तुही माय म्हणे भितीपासून घेतो. म्हटलं, तुह्या सोयीनं नाई, साहेबाच्या सोयीनं घे.”

त्या तिन्ही बायकांबद्दल आम्ही इतके दिवस विचार करत होतो. नवी नवरी, रागावलेली सून, मागचं दार. एक साधी गोष्ट डोक्यात आली नव्हती. कोणीही बाई आपल्या मनाने उलटं सारवत नाही.

“माय, थांब!” मी हाक मारली. “पुढं नको जाऊ!”

तिने मान वर केली. घामाने केस कपाळाला चिकटले होते. “झालंच आता, रे. टोपल्याएवढी जागा राह्यली. आता मी ओल्यावरून थोडी येतो? वाळस्तोवर बसतो तिकडे सावलीत. गुडघेही मोडले माह्ये.”

“तिथंच थांब. मी शिडी आणतो. पलीकडून वर घेतो तुले.”

“शिडी लावशीन तं माती पाडशीन,” अण्णाजी म्हणाला. “ढेकळं पडतीन सारवणावर. बसू दे तिले. कुठी जाते?”

“येताना पाणी आणजो,” माय खालून म्हणाली. “अन् बापाशी भांडू नको. आज त्याच्या अंगात साहेब हाय.”

ती हसत होती. हे मी मुद्दाम लिहितो, कारण लोक म्हणतात ती दुःखी होती.

७

शिडी मांडवामागे होती. फोटो वरून काढायला वापरायचो ती, बांबूची. मी ती खांद्यावर टाकली, पाण्याची बाटली घेतली आणि खड्ड्याला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेलो, न खणलेल्या मातीवर. हे व्हायला कितीसा वेळ लागतो? सर्र, सर्र असा तिचा आवाज मला सगळा वेळ ऐकू येत होता. म्हणून मी घाबरलो नव्हतो. आवाज आहे तोवर माय आहे.

कडेला येऊन मी खाली पाहिलं.

जमीन पूर्ण सारवलेली होती. भिंतीपासून भिंतीपर्यंत, एक बोटभर जागा कोरडी नाही. भिंतीशी बादली होती, रिकामी, आडवी. माय नव्हती.

आवाज येतच होता. सर्र. मी उभा होतो तिथे, माझ्या तळपायांखाली, जमिनीच्या आत. सर्र. मग हातभर मागे, टेकडीच्या दिशेने. सर्र.

मी समोर पाहिलं. अण्णाजी खुर्चीत ताठ बसला होता. मोबाइल मांडीवरून खाली पडला होता. डोळे भिंतीच्या पायथ्याशी.

“माय कुठी हाय?”

त्याचे ओठ हलले. खड्ड्यापलीकडून मला ऐकू आलं, एवढी शांतता होती.

“कडेचं राह्यलं होतं तिच्या पायाखालचं,” तो म्हणाला. “म्या म्हटलं, जराशी मागं सरक, तेवढंही घे.”

“मंग?”

“ते सरकली.”

मी शिडी टाकली आणि उतरलो. तिच्या ओल्या सारवणात माझे पाय रुतले. गुडघ्यांवर बसून मी भिंत चाचपली. माती होती, सुकलेली, दगडासारखी, हजारो वर्षं कोणी न हलवलेली. पण खाली, जिथे जमीन भिंतीत शिरत होती, तिथे शेवटची कमान अर्धी होती. तीन रेघा. आणि तिथे सारवण आणि माती यांच्यामध्ये नखाएवढी फट होती.

मी गाल जमिनीला टेकवला आणि फटीला डोळा लावला.

आत अंधार असायला हवा होता. आत दुपार होती. ओली जमीन लांबवर पसरलेली आणि तिच्यावर ऊन. ऊन कुठून येत होतं ते दिसत नव्हतं. मला फक्त जमीन दिसत होती आणि जमिनीलगत हात. माझ्या मायचा हात, तीन बोटं टेकलेली, एक वर राहिलेलं, हिरव्या बांगड्या मनगटावर खाली-वर होणाऱ्या. ती मागे सरकत सारवत होती. तिच्या पलीकडे आणखी एक हात होता, रुंद, जड. त्याच्या पलीकडे एक बारीक. त्याच्याही पलीकडे होते, पण लहान लहान होत गेलेले, मोजता येणार नाहीत असे.

“माय!” मी ओरडलो. सारवण तोंडात गेलं. “माय, इकडे ये! ओल्यावरून ये, काही होत नाई, ये!”

हात थांबला.

मला खात्री आहे, तो थांबला. बोटं जमिनीवरून उचलली गेली, माझ्याकडे वळली.

मग आतून कोणीतरी बोललं. पुरुषाचा आवाज. वयस्क, बसून बोलणाऱ्याचा. भाषा आपली नव्हती. मराठी नाही, हिंदी नाही, शकुबाईची गोंडीही नाही. एकही शब्द मला कळला नाही. पण तो सूर कळला. तो मी जन्मल्यापासून आमच्या घरात ऐकत आलो आहे.

मायने हात पुन्हा जमिनीला टेकवला आणि मागे सरकली.

८

पुढचं तुकड्यातुकड्यांत आठवतं. रूपालीताईने मला भिंतीपासून ओढून काढलं तेव्हा माझी नखं निघाली होती. फट नव्हती. सारवण भिंतीशी वाळून चिकटलं होतं.

होडी आली, पाणबुडे आले. धरणात दोन्ही बाजूंनी शोधलं. मी सांगत होतो की तिकडे नाही, इकडे खणा. शेवटी पोलिसांच्या समाधानासाठी यंत्राने तो मातीचा भाग वरून काढला. खालच्या शेवटच्या भागाला रूपालीताईने कोणाला हात लावू दिला नाही. स्वतः ब्रश घेऊन बसली.

भिंतीच्या रेषेपलीकडे जमीन होती. घर संपलं होतं, खांब संपले होते, पण सारवलेली जमीन पुढे जात होती. सुकलेली, पिवळट, बाकीच्या जमिनींइतकीच जुनी. तिच्यावर कमानी होत्या. तीन रेघांच्या.

मी खाली बसलो.

“हे जुनं आहे, अंकुश,” रूपालीताई म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. “मी शपथेवर सांगते, हे खूप जुनं आहे. हे कालचं असू शकत नाही.”

“रेघा किती हायेत?”

तिने ब्रश पुन्हा उचलला.

“किती, ताई?”

“मला विचारू नकोस.”

कमानी टेकडीच्या पोटात जात होत्या. जितकं खणलं तितक्या पुढे. धनंजय सरांनी एक दिवस ते सगळं पाहिलं. पुढच्या हंगामाचं नाव काढलं नाही. ताडपत्री अंथरून खड्डा बुजवायला लावला आणि माणसं घेऊन निघून गेले. शकुबाई आता नाकाडाच्या बाजूच्या शेतात कामाला जात नाही. मला रस्त्यात भेटली तर डोक्यावरून हात फिरवते आणि पुढे जाते.

अण्णाजीने घरात सगळीकडे फरशी बसवली. मागची खोलीही. गवंडी आला त्या दिवशी मी मायच्या सारवणाचा एक तुकडा करणीने उचलून घेतला, तळहाताएवढा. माझ्या पेटीत आहे. फरशीने त्याची भीती गेली नाही. दुपारी अण्णाजी खुर्चीत बसतो, ताठ, पाय वर घेऊन. मी समोर असलो तरी तो माझ्याकडे बघत नाही, जमिनीकडे बघतो. मी एकदाच विचारलं, “तुम्हाले काय दिसलं होतं तवा?” तो म्हणाला, “म्या जराशीच म्हटलं होतं.”

एवढंच. माझी त्याच्यावर दया करायची तयारी नाही. गावातले म्हातारे येतात, त्याच्या खांद्यावर हात ठेवतात, मला सांगतात बापाला सांभाळ. मी चहा ठेवतो आणि तांब्या जोरात आपटतो.

साहेब त्या दिवशी आलेच नाहीत. नागपुरातूनच परत गेले, काही कामाने. अण्णाजीची बायको गेली, माझी माय गेली.